साडेचार सेकंदांचं ठिगळ

ऑफिसात तिला सगळे शिंपीण म्हणायचे. सुईदोऱ्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता; साधं बटण तुटलं तरी ती शर्ट सासूबाईंपुढे ठेवून पळ काढायची. पण चित्राला ठिगळ लावावं तर तिनेच. कॅमेऱ्यातलं चित्र बिनतारी वाटेने येतं ते अखंड येत नाही, बारीक बारीक पाकिटांत तुटून येतं, आणि त्यातली काही पाकिटं वाटेतच गहाळ होतात. पाकीट गेलं की चित्राला भोक पडतं. आजूबाजूचे रंग उचलून, क्षणापूर्वीचा तोच तुकडा आणून, बघणाऱ्याच्या लक्षात यायच्या आत ते भोक बुजवायचं, हे तिचं काम. आणि बाई कामात अशी पटाईत, की अंधाऱ्या खोलीत दहा माणसं बसवून त्यांना "ठिगळ दिसलं की हात वर करा" असं सांगितलं, तरी अर्ध्या तासात एकाचाही हात वर जायचा नाही. ती मागच्या खुर्चीत बसून गालातल्या गालात हसायची.

गुरुवारी सकाळी साडेदहाला ती चौकशीच्या खोलीत येऊन बसली, तेव्हा मात्र तिला हसू येत नव्हतं. टेबलाच्या त्या टोकाला तिचे धाकटे दीर बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात. त्यांच्यासमोर एक टाइप केलेला कागद होता आणि कागदावर पेन होतं. त्या कागदावर त्यांनी सही केली, की क्रेन चालवायचं लायसन्स कायमचं जाणार होतं.

हे प्रकरण काय होतं, ते आधी सांगायला हवं.

भावजी क्रेन चालवायचे, पण क्रेनवर चढून नाही. कंटेनरचं आवार पाच किलोमीटरवर, आणि भावजी इथे तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, मऊ खुर्चीत. समोर चार स्क्रीन, हाताशी दोन दांडे. स्क्रीनवर बघायचं, दांडा हलवायचा, तिकडे वीस टनांचं धूड उचललं जायचं. खाली आवारात कंटेनरच्या कोपऱ्यांची कुलपं उघडायला माणसं असत. त्यांची पद्धत ठरलेली: कंटेनरखाली यायचं असेल तर कॅमेऱ्याकडे बघून हात वर करायचा. भावजी तिथल्या तिथे दांडा सोडत आणि भोंगा वाजवत. सहा वर्षं हे असंच चाललं होतं, कुणाला साधा ओरखडा आला नव्हता.

पूर्वी चित्राला भोक पडलं, की शिंपिणीचं ठिगळ अर्धा सेकंद टिकायचं. तेवढ्यात खरं चित्र आलं नाही, तर तो भाग करडा व्हायचा, आणि भावजींचा हात आपोआप दांड्यावरून निघायचा. पण आवारात लोखंडच लोखंड, पाकिटं सारखी गहाळ. मग एकदा जेवताना भावजी म्हणाले होते, "वहिनी, तुमचा तो करडा पडदा दिवसातून तीस वेळा पडतो. क्रेन चालवतोय की नाटक बघतोय मी? काहीतरी करा बुवा!" सगळे हसले होते. आणि वहिनींनी केलं. स्थिर जमीन, स्थिर कॅमेरा, बदलणार काय तिथे? तिने अर्ध्या सेकंदाची मुदत पाच सेकंदांवर नेली. शिवाय ठिगळ असं देखणं केलं, की उतरत्या कंटेनरची सावलीसुद्धा त्या खोट्या जमिनीवर खऱ्यासारखी पुढे सरकावी. दहा माणसं अंधाऱ्या खोलीत बसली, एकाचाही हात वर गेला नाही, आणि नवा कोड आवारात लागला. जे दाखवतोय ते खरं आहे का, हे विचारायचं त्या खोलीत कुणालाच सुचलं नव्हतं. तिलाही नाही, आणि ती तर या कामातली शहाणी!

सोमवारी अकरा चाळीसला लांब्या कंटेनरखाली सापडला. कुलपं उघडणाऱ्यांत तो सगळ्यात उंच, म्हणून लांब्या. जीव वाचला, पण उजवं पाऊल चेंगरलं, दोन बोटं गेली. भावजी म्हणाले, "स्क्रीनवर कोणी नव्हतं." मग कॅमेऱ्याच्या पोटातल्या कार्डावरचं चित्रीकरण काढलं. त्यात लांब्या लख्ख उन्हात, हातात पहार घेऊन, कॅमेऱ्याकडे बघून हात वर करत चालत येताना दिसत होता. आंधळ्यालाही दिसला असता.

भावजींनी ते पाहिलं. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डोळे ठणठणीत. बुधवारी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, तोही तेच म्हणाला, आणि त्याने तर ते पार खचले. डोळ्यांत काही नाही, म्हणजे बिघाड डोक्यात! घरी आल्यावर आईला म्हणाले, "तू दारातून हळूच आत ये, मी टीव्हीकडे बघतो, तू दिसतेस का बघू." आणि ती सत्तरीची बाई गुडघे धरत सात-आठ वेळा आत-बाहेर करत राहिली. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "दिसलीस." आणि त्यांचा चेहरा आणखी उतरायचा.

हे सगळं शिंपिणीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहिलं. आणि तिला खरं काय ते ठाऊक होतं.

तिचा कोड कुठलं पाकीट कधी गहाळ झालं, याची नोंद ठेवत असे. ती नोंद सोमवारीच तिने उघडली होती. अकरा चाळीसच्या आसपास, खालच्या उजव्या कोपऱ्यात, सलग साडेचार सेकंद पाकिटंच आली नव्हती. पाच सेकंदांच्या आतच. म्हणून करडा पडदा पडला नाही. भावजींनी जी मोकळी जमीन पाहिली, ती जमीन नव्हतीच, तिने लावलेलं ठिगळ होतं. माणूस ठिगळाखाली गेला होता.

मग तिने सांगितलं का नाही? भ्याली, दुसरं काय! उगाच मोठमोठी कारणं शोधण्यात अर्थ नाही.  चूक माझी, हे तीन शब्दसुद्धा नाहीत, पण ओठांवर येईनात. उद्या सांगू म्हणाली. मंगळवारी चौकशीवाल्यांनी तिच्या कंपनीकडे पत्र मागितलं, आणि साहेबांनी ते तिच्याकडूनच लिहून घेतलं: 'अपघाताच्या वेळी चित्रप्रणाली नेहमीप्रमाणे काम करत होती.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. काम तर करतच होती! तिने सही केली. त्यानंतर सांगणं दुपटीने अवघड होऊन बसलं.

आणि आता तर काही करायचीही गरज उरली नव्हती. नोंद बहात्तर तास राहते, मग तिच्यावर नवी नोंद चढते. सोमवार अकरा चाळीस ते गुरुवार अकरा चाळीस. तिने दुसरीकडे कुठेही प्रत ठेवली नव्हती. फक्त तासभर गप्प बसायचं होतं.

"चौकशीला सुरुवात करू या," टेबलाच्या मध्यभागी बसलेल्या बाई म्हणाल्या. सुरक्षा अधिकारी होत्या त्या, निवृत्तीला आलेल्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. बाई वाईट नव्हत्या. भावजींपुढे पाण्याचा ग्लास त्यांनीच सरकवला.

शिंपिणीच्या शेजारी तिचे साहेब बसले होते. ते तिच्या कानाशी वाकले. "विचारतील तेवढंच बोल. चहा आला तर तोंड उघड, एरवी बंद." त्यांना नोंदीचं काही माहीत नव्हतं; ते आपले सवयीने म्हणाले. तिने मान हलवली.

भिंतीवरच्या स्क्रीनवर कॅमेऱ्यातलं चित्रीकरण लावलं. लांब्या आला, हात वर केला, आला, आला... बाईंनी तिथेच थांबवलं. पुढचं कुणालाच बघायचं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होती.

"तुमचं काय म्हणणं आहे?" बाईंनी विचारलं.

भावजींनी हातातला ग्लास खाली ठेवला. "आधी मी म्हणालो होतो, की तिथे कोणी नव्हतं."

"आणि आता?"

"आता..." त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "आता मला वाटतं, मी बघितलं असणार. बघितलं असणार, पण डोक्यात शिरलं नसणार."

"वाटतं म्हणजे काय? आठवतं का?"

"आठवत नाही बाई. मला तर मोकळी जमीनच आठवते. तेलाचा डाग होता, त्यावरून सावली सरकली, हेसुद्धा आठवतं. शपथेवर सांगतो. पण कॅमेरा कशाला खोटं बोलेल? त्याने माझ्याकडे बघून हात केला होता. सहा वर्षं तो माझ्या भरवशावर खाली येतोय आणि मी..." 

शिंपिणीने मान वर केली. सावली. त्या सावलीवर तिने तीन आठवडे घालवले होते. ज्या दिवशी ती नीट सरकायला लागली, त्या दिवशी तिने ऑफिसात पेढ्यांचा बॉक्स फिरवला होता. आणि इकडे हा माणूस ती शपथेवर सांगत होता, आणि सांगता सांगता स्वतःलाच वेडा ठरवत होता.

बाईंनी आणखी बरंच विचारलं. झोप नीट झाली होती का, औषधं चालू होती का, घरी काही ताणतणाव. भावजी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत गेले, आणि प्रत्येक उत्तरात थोडा थोडा दोष स्वतःवर ओढून घेत गेले. हो, आदल्या रात्री उशीर झाला होता झोपायला. हो, सकाळी डोकं थोडं जड होतं. विचारलं असतं तर पाऊस पडला नाही हीही माझीच चूक, असं म्हणाले असते. शिंपीण घड्याळाकडे बघत होती. अकरा दहा. अकरा सोळा. मिनिटकाटा दिसेल इतका पुढे सरकत होता, की तिलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. चौकशी लांबली, तर नोंद आपोआप पुसली जाईल. मग सांगूनही उपयोग नाही, पुरावाच नाही, मग कुणी तिला सांग म्हणणारही नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली, की कानशिलं तापली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "कागद वाचून घ्या. 'माझे लक्ष नव्हते, त्यामुळे अपघात झाला,' असं लिहिलंय. पटत असेल तरच सही करा."

भावजींनी कागद वाचलाही नाही. पेन उचललं.

"थांबा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. शिंपीण उभी होती. आपण कधी उभ्या राहिलो, हे तिचं तिलाच कळलं नाही. साहेबांनी टेबलाखालून तिच्या चपलेवर बूट दाबला.

"भावजी, सही करू नका. तुम्हाला तो दिसला नाही, कारण तो तुमच्या स्क्रीनवर नव्हताच."

"म्हणजे?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कॅमेऱ्याने पाहिलं ते एक, आणि यांच्यापर्यंत पोचलं ते वेगळं. मधलं मी बुजवलं." तिने लॅपटॉप पुढे ओढला. "मी दाखवते. पण आत्ताच दाखवायला हवं. अकरा चाळीसनंतर नोंद पुसली जाते."

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

"अगं, काय बोलतेस तू?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "आपलं पत्र गेलंय. तुझी सही आहे त्यावर."

"आहे. माहीत आहे मला."

तिने लॅपटॉप उघडला. पासवर्ड पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला.  तिसऱ्यांदा बरोबर आला, तर या खोलीतलं इंटरनेट रडतखडत चालणारं. नोंदीची फाइल उतरायला लागली. बारा टक्के. बारा टक्के. तेरा.  भावजी पेन हातात धरून तिच्याकडे बघत होते, खुळ्यासारखे. एकतीस टक्क्यांवर सगळं थांबलं. तिने देवाचं नाव घेतलं, मग एक शिवी दिली, दोन्ही मोठ्याने.  बाईंनी स्वतःचा मोबाइल काढून पुढे केला. "यावरून घ्या. यावर रेंज चांगली आहे."

अकरा छत्तीसला फाइल आली. तिने आधी तिच्या दोन प्रती केल्या, एक बाईंच्या हातात दिली. मग कॅमेऱ्यातलं चित्र घेतलं, सोमवारी जी पाकिटं गहाळ झाली होती तीच त्यातून काढून टाकली, आणि उरलेलं आपल्या कोडमधून सोडलं. भिंतीवर दोन चित्रं शेजारी शेजारी उभी राहिली. डावीकडे कॅमेऱ्याचं, उजवीकडे भावजींनी पाहिलं ते.

दोन्हींत तीच जमीन, तोच तेलाचा डाग. दोन्हींत कंटेनर उतरत होता. डावीकडे कोपऱ्यातून लांब्या आला. उजवीकडे कोणी आलं नाही. डावीकडे त्याने हात वर केला, डागावर पाय ठेवला, पुढे आला. उजवीकडे डाग तसाच, जमीन तशीच मोकळी, आणि सावली गुळगुळीत पुढे सरकत होती. कुठे एक चौकोन हलला नाही, कुठे एक रेघ चुकली नाही. साडेचार सेकंद. मग डावीकडे लांब्या खाली पडला, आणि त्याच क्षणी उजवीकडे तो जमिनीतून उगवल्यासारखा, पडलेलाच दिसला.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. तिसऱ्या वेळी भावजी उठले, भिंतीजवळ गेले, आणि उजवीकडच्या त्या मोकळ्या जमिनीवर त्यांनी तळहात ठेवला.

"हेच," ते म्हणाले. "हेच दिसलं होतं मला. हेच!" आणि त्यांना रडू फुटलं. चांगला चाळिशीचा माणूस, भिंतीला कपाळ टेकवून रडत होता.

बाईंनी टेबलावरचा कागद उचलला, दोन तुकडे केले. मग पेन घेऊन कोऱ्या कागदावर लिहायला लागल्या. "हा कोड आणखी कुठे कुठे लागलाय?" त्यांनी शिंपिणीला विचारलं.

"अकरा आवारांत."

"आजच्या आज बंद. सगळीकडे. आणि तुमची जबानी मला आज संध्याकाळपर्यंत हवी, लेखी. पुढे काय व्हायचं ते होईल." साहेब काही बोलायला गेले. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात शिंपीण भिंतीला टेकून उभी होती. छातीवरचं ओझं हलकं झालं होतं. आता काय, नोकरी जाईल, खटला होईल, होऊ दे. तेवढ्यात भावजी दार ढकलून बाहेर आले. डोळे लाल, चेहरा हसरा, कानाला फोन.

"आई, मी वेडा नाही गं! स्क्रीनवर नव्हताच तो. नव्हताच! वहिनींनी शोधून काढलं. हो, आपल्या वहिनींनी!" त्यांनी फोन छातीशी धरला आणि तिच्याकडे वळले. "वहिनी, तुमचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही नसता तर मी जन्मभर... काय बोलू आता! आज सकाळीच सापडलं ना तुम्हाला हे? म्हणून तर अशा धावतपळत, शेवटच्या घटकेला."

त्यांनीच तिच्यापुढे हे आयतं ठिगळ धरलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दहा माणसं बसवली असती तरी एकाचाही हात वर गेला नसता.

"सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारी संध्याकाळी पाच वाजता."

भावजींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्याला उतरायला थोडा वेळ लागला.

"सोमवारी रात्री मी तुमच्यासमोर बसून रडत होतो," ते म्हणाले. "तुम्ही मला पाणी आणून दिलंत."

"हो."

"म्हणालात, होतं असं कधी कधी माणसाकडून."

"हो."

त्यांच्या छातीशी धरलेल्या फोनमधून सासूबाईंचा बारीक आवाज येत होता, "अरे, दे ना तिला फोन. मला बोलायचंय तिच्याशी."  भावजींनी फोन तिच्यापुढे धरला. सांगा असंही म्हणाले नाहीत, सांगू नका असंही नाही.

तिने फोन कानाला लावला.

"पोरी," सासूबाई रडत होत्या, हसत होत्या. "देवासारखी धावलीस गं माझ्या लेकासाठी. तीन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली. तुझ्या तोंडात साखर पडो."

"आई," ती म्हणाली, "मला सोमवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

पलीकडून काहीच आलं नाही. तिने फोन कानावरून काढून पाहिला. तो कट झालेला नव्हता.